खाऱ्या वाऱ्यातील जुनी गाडी

विजयादशमीस शस्त्रांबरोबर अवजारांची, यंत्रांची आणि वाहनांची पूजा करण्याचा प्रघात आपल्या घराघरांतून चालत आलेला आहे. आमच्या अंजनवेलीस एके काळी त्या दिवशी बैलगाडीच्या जुवास आणि होडीच्या नाळेस हळदकुंकू लागत असे. आता अंगणात उभ्या असलेल्या मोटारीवर झेंडूची माळ चढते, पुढल्या चाकाखाली लिंबू ठेवले जाते आणि घरची लक्ष्मी निरांजन ओवाळते. या माळ ल्यालेल्या मोटारींकडे थोडे निरखून पाहिले तर असे ध्यानात येते की, त्यांतील पुष्कळशा कोऱ्या नव्हेत. कोणी ती मुंबईच्या भाच्याकडून घेतलेली असते, कोणी चिपळुणातील दलालाकडून, कोणी पुण्याच्या विहिणीच्या ओळखीने. नंबरावरूनही गोत्र कळते. एम.एच. ०८ हा आमच्या रत्नागिरीचा. पण अंगणांतून दिसतात ते ०२, ०४, ४३ आणि १२. आणि या जुन्या गाड्यांत अलीकडे सर्वाधिक ओढा आहे तो आखूड बांध्याच्या, परंतु जमिनीपासून उंच असलेल्या गाड्यांकडे, ज्यांना बाजारात 'कॉम्पॅक्ट एस.यू.व्ही.' असे म्हणतात.

कीर्तनकाराने मोटारीवर लेखणी चालवावी याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु ज्याच्या वर्षातील कितीतरी रात्री गावोगावच्या उत्सवांहून परतण्यात जातात, त्याला तबल्याची शाई आणि गाडीचा क्लच या दोहोंच्या प्रकृतीची सारखीच चौकशी ठेवावी लागते. शिवाय या विषयात आमच्या भागातील कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी गुंतलेली आहे. गुहागर तालुक्यास रेल्वे नाही. जवळचे स्थानक चिपळूण. एस.टी. आहे, पण ती दिवसाची. मुलगे मुंबईस, घरी सत्तरीच्या घरातील दोघे, आणि मध्यरात्री एकाच्या छातीत दुखू लागले तर अंगणातील गाडी किल्ली फिरवताच सुरू होणे यावर सारे अवलंबून असते. अशा घरास 'गाडी दहा वर्षे टिकेल काय?' हा प्रश्न हौसेचा राहत नाही.

प्रथम हा प्रकार आला कोठून ते सांगितले पाहिजे. २००६ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने लहान मोटारींवरील अबकारी कर उतरवला आणि 'लहान' कोणती ते मोजून सांगितले: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोलचे इंजिन १२०० आणि डिझेलचे १५०० घन सेंटिमीटरपर्यंत. मग कारखानदारांनी उंच गाड्याही त्या चार मीटरांत बसवण्यास आरंभ केला. यातील पहिला प्रयत्न महाराष्ट्रातलाच. ज्यांची 'पद्मिनी' मुंबईच्या टॅक्सीरूपाने दोन पिढ्यांनी पाहिली, त्या प्रीमियर कंपनीने चिंचवडहून २००९ साली 'रिओ' बाजारात आणली. ती फारशी चालली नाही. पुढे २०१३ मध्ये फोर्डची 'इकोस्पोर्ट', २०१६ मध्ये मारुतीची 'विटारा ब्रेझा', २०१७ मध्ये रांजणगावच्या कारखान्यातून टाटांची 'नेक्सॉन' आली, आणि शहरांत यांची लाट उसळली. त्या लाटेतील गाड्या आता सात, आठ, दहा वर्षांच्या होऊन हातोहात कोकणात उतरत आहेत. आमच्या रस्त्यांस त्या मानवतात, यात शंका नाही. जांभ्याच्या चढावर, पाखाडीलगतच्या खड्ड्यांत, पावसाळ्यात ओहोळ ओलांडताना, दोनशे मिलिमीटरांच्या आसपासची जमिनीपासूनची उंची फार उपयोगी पडते. आणि चार मीटरांच्या आतली लांबी गावच्या गल्लीत वळण घेते.

पण शहरात आठ वर्षे सुखाने नांदलेली गाडी समुद्रकाठी येऊन दोन वर्षांत वार्धक्याने वाकते, असे अनेकांच्या अनुभवास आले आहे. याचे कारण यंत्रात शोधण्यापूर्वी हवेत शोधावे लागते. अंजनवेल वाशिष्ठीच्या मुखाशी वसले आहे. दीपगृह आणि टाळकेश्वराचे देऊळ ज्या कड्यावर उभे आहे तेथे उभे राहिले की ओठ खारट लागतात. तोच क्षार गाडीच्या पोटाखालीही बसतो. मिठाचा धर्म असा की, हवेतील दमटपणा शेकडा ७५ च्या वर गेला म्हणजे ते हवेतूनच पाणी ओढून घेते आणि स्वतः विरघळते. आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने दमटपणा त्याखाली क्वचितच उतरतो. म्हणजे पाऊस थांबला, गाडी छपराखाली ठेवली, वरून पुसून कोरडी केली, तरी तिच्या पोटाशी खाऱ्या पाण्याचा पातळ थर ओलाच असतो. लोखंड गंजण्यास याहून अधिक काय हवे? त्यात २००३ पासून धोपावे ते दाभोळ फेरीबोट सुरू झाली. दापोलीकडे जाणाऱ्यांचा मोठा वळसा वाचला, ही सोय खरीच. परंतु भरतीच्या वेळी धक्क्याच्या उतारावरून बोटीवर गाडी चढवताना चाकांनी उडालेले खारे पाणी नेमके जेथे हात पोहोचत नाही तेथे जाऊन बसते.

गंज वरच्या पत्र्यास लागला तर तो दिसतो आणि मनुष्य हळहळतो. खरे भय न दिसणाऱ्या गंजाचे. दाराच्या खालच्या कडेत पाणी जाण्याची भोके मातीने बुजतात आणि पत्रा आतून खातो. सायलेन्सरचे सांधे, पुढल्या चाकांचा भार पेलणारी आडवी चौकट, मागल्या ॲक्सलवरील स्प्रिंगांच्या बैठका, ब्रेकच्या तेलाच्या बारीक नळ्या ही ठिकाणे प्रत्येकाने गाडी जॅकवर चढवून विजेरीने पाहावी. आणि खाली सर्वत्र काळे, नवेकोरे रबरी लेपन दिसले तर आनंदित होण्यापूर्वी ते केव्हा आणि कशावर केले ते विचारावे. स्वच्छ पत्र्यावरचे लेपन हे कवच होय. गंजावर चढवलेले लेपन हे खारे पाणी आत कोंडून ठेवणारे झाकण होय.

गेल्या शिमग्यात याचा प्रत्यय आम्हांस स्वतःस आला. एका स्नेह्याच्या गाडीतून चिपळूणकडून परतत होतो. गाडी दिसायला नवरीसारखी, खालचे लेपन ताजे. उतारावर त्याने ब्रेक दाबला तो पेडल खोल गेले आणि गाडीचा वेग जेमतेम मंदावला. सुदैवाने चालवणारा जुना खलाशी, त्याने हबकून न जाता गाडी दुसऱ्या व मग पहिल्या गियरात उतरवली, हँडब्रेक थोडाथोडा ओढला आणि कडेच्या जांभ्याच्या दरडीशी ती टेकवून उभी केली. आमच्या पेटीवादकाचे गुडघे तेवढे खरचटले. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने ते काळे लेपन नखाने सोलले तेव्हा मागल्या ब्रेकची नळी आत भुग्यासारखी झालेली निघाली. आजच्या गाड्यांत ब्रेकच्या तेलाची योजना दोन स्वतंत्र भागांत असते, म्हणून एक भाग गेला तरी दुसरा थोडेबहुत काम करतो. त्या अर्ध्या ब्रेकावर चार जीव बचावले.

महाभारताच्या शल्यपर्वात एक प्रसंग आहे. युद्ध संपल्यावर श्रीकृष्ण अर्जुनास आधी रथाखाली उतरण्यास सांगतात, मग स्वतः उतरतात, आणि क्षणात तो दिव्य रथ जळून भस्म होतो. द्रोण आणि कर्ण यांच्या अस्त्रांनी तो कधीच दग्ध झालेला होता. सारथी बसलेला होता म्हणून उभा होता. जुन्या गाडीचा व्यवहार करणाऱ्याने हा प्रसंग अवश्य आठवावा. पहिल्या धन्याने वेळच्या वेळी तेल बदलले, चढावर क्लच घासला नाही, थंड इंजिनास एकदम दौडवले नाही, म्हणून जी गाडी लाख किलोमीटर तक्रार न करता धावली, ती दुसऱ्याच्या हाती जाताच कुरकुरू लागते. उलटही घडते. तेव्हा गाडीइतकीच तिच्या आधीच्या धन्याची परीक्षा करावी. त्याने सर्व्हिसच्या पावत्या जपून ठेवल्या आहेत काय? टायर चारी एका जातीचे आहेत की चार दिशांचे? घरातील तुळशीवृंदावनास पाणी आहे काय, हेही आम्ही पाहतो. वाचकांनी हसावे, पण ते पाहावे.

येथे एका दृढ समजुतीचा परामर्श घेणे भाग आहे. 'गाडी फार चाललेली नाही' हे शब्द ऐकले की घेणाऱ्याचा चेहरा खुलतो. चाकरमान्यांच्या गाड्या बहुधा अशाच असतात: गणपतीस व मे महिन्यात गावी येतात, एरवी मुंबईत इमारतीखाली किंवा गावच्या बंद घराच्या पडवीत झाकून उभ्या. मीटरवर आकडा लहान, म्हणून भाव मोठा. परंतु रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षे मोजते. पुष्कळ डिझेल इंजिनांत झडपा आणि दट्टे यांचा मेळ राखणारा टायमिंग बेल्ट रबराचा असतो. तो इतके किलोमीटर किंवा इतकी वर्षे, जे आधी पूर्ण होईल तेव्हा, बदलावा असे कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. उभ्या गाडीचा धनी त्यातले पूर्वार्ध वाचतो आणि उत्तरार्ध विसरतो. चालत्या गाडीत तो पट्टा तुटला तर झडपा दट्ट्यांवर आदळतात आणि दुरुस्ती गाडीच्या निम्म्या मोलाची होऊन बसते. इकोस्पोर्टच्या आणि रेनोच्या डस्टरच्या डिझेल इंजिनांत असा पट्टा आहे, ब्रेझाच्या १.३ लिटर डिझेलमध्ये त्या जागी साखळी आहे, तिची ही चिंता कमी. टायरचेही तसेच. त्याच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असे असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला असे समजावे. नक्षी शाबूत असून रबर तडकलेले टायर आम्ही अनेक 'न चाललेल्या' गाड्यांवर पाहिले आहेत. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते, बॅटरी बसून मरते, पावसाळ्यात ऊब शोधत आलेले उंदीर बॉनेटखालच्या वायरी कुरतडतात आणि कुंभारमाशी नळीच्या तोंडाशी मातीचे घर करते. रोज बाजारपेठेपर्यंत जाणारी, दीड लाख चाललेली गाडी अशा झाकून ठेवलेल्या गाडीहून आम्हांस तरी अधिक विश्वासाची वाटते.

डिझेल की पेट्रोल, याचे उत्तर गाडी कोणत्या सालची यावर आहे. १ एप्रिल २०२० पासून बी.एस. सहा मानक लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी आली. ती गाळणी साफ होण्यास धूर फार तापावा लागतो, आणि तो तापतो मोठ्या रस्त्यावर एका वेगाने पुष्कळ वेळ धावल्यावर. अंजनवेल ते गुहागर दहापंधरा किलोमीटर जाऊन भाजी, औषधे घेऊन परत, असा ज्यांचा नित्यक्रम त्यांची गाळणी तुंबते, दिवा लागतो आणि गॅरेजची वारी सुरू होते. म्हणून आमच्याकडील जाणते मिस्त्री २०१६ ते २०२० मधली डिझेल गाडी किंवा सरळ पेट्रोलची गाडी सुचवतात. पेट्रोलचीही एक बाजू आहे. २०२५ पर्यंत देशभर शेकडा २० इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर आले. त्याला अनुरूप घडणीच्या गाड्या मात्र २०२३ च्या एप्रिलपासूनच्या. त्याआधीच्या गाडीत इंधनाच्या रबरी नळ्या व त्यांची बूचे वर्षातून एकदा पाहून घ्यावीत, फार खर्चाचे काम नाही.

आता पुराविषयी. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीने चिपळुणात जो हाहाकार केला तो या जिल्ह्यातील कोणीच विसरलेला नाही. बाजारपेठ, एस.टी. आगार, घरांचे पहिले मजले पाण्यात गेले. दारांतील मोटारींची काय कथा. अशा आपत्तीनंतर विमा कंपनी ज्या गाड्या निकामी ठरवते त्यांतील काही धुऊनपुसून दूरच्या बाजारात पुन्हा उभ्या राहतात, हा सार्वत्रिक अनुभव आहे. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील प्रलयानंतरही ते घडले. बुडालेली गाडी ओळखण्यास सीटबेल्ट पुरता बाहेर ओढावा, शेवटच्या हातभर पट्ट्यात चिखलाची रेघ राहते. आसनाखालच्या लोखंडी पट्ट्या गंजलेल्या, पुढल्या दिव्यांत आतून धुके, मागल्या जादा चाकाच्या खळग्यात बारीक गाळ, आणि काच बंद करून पाच मिनिटे बसले की येणारा कुबट वास. अत्तराची कुपी टांगलेली असेल तर दहा मिनिटे बसावे. इंजिन साफ करता येते. पण आजच्या गाडीत वायरींचे जे जाळे असते त्याच्या सांध्यांत शिरलेले पाणी दोन वर्षांनी, आणि नेमके अमावास्येच्या रात्री, आपले अस्तित्व कळवते.

याच जातीची आणखी एक गाडी आमच्या किनाऱ्यावर फिरते. मासळीच्या धंद्यातील मंडळी मागली आसने पाडून बर्फाचे खोके वाहतात. वितळलेल्या बर्फाचे खारे पाणी गालिच्याखालून पत्र्यात मुरते. आमच्या आळीतील एका आंबा बागायतदाराने अशी गाडी स्वस्तात घेतली. हापूसच्या पेट्या वाहून मागल्या स्प्रिंगा बसल्या त्या त्याने बदलल्या. पण मागल्या तळास पडलेल्या भोकांतून पहिल्याच पावसात पाणी वर आले. वास मात्र पहिल्या वर्षी गेला, असे तो आवर्जून सांगतो.

दीर्घकाळाच्या भरवशात सुट्या भागांचा प्रश्न येतो आणि तेथे भल्याभल्या गाड्यांची कसोटी लागते. फोर्ड कंपनीने ९ सप्टेंबर २०२१ रोजी भारतातील उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. सेवा व सुटे भाग पुरवू असेही सांगितले. डस्टरचे येथील जुने रूप २०२२ मध्ये बंद झाले. अशा गाड्यांचे भाव पडतात, म्हणून त्या मोहात पाडतात. आणि खरे सांगावयाचे तर त्यांतील काहींची बांधणी घाटरस्त्यावर आजही समाधान देणारी आहे. बंद पडलेल्या एका नाममुद्रेची गाडी आमच्या परिचयाच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांकडे आहे. त्यांनी ती २०२१ च्या अखेरीस घेतली आणि वहीत तिचा प्रत्येक खर्च मांडला. चार वर्षांत एक बॅटरी, चार टायर, क्लच, पुढल्या चाकांचे खालचे हात व बुश. इंजिनाने एकदाही मध्येच दगा दिला नाही. पण बैलाने शिंग मारून मागला दिवा फोडला तेव्हा तो मिळण्यास सात आठवडे लागले, आणि मिळाला तो कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारात. तेल, गाळण्या, ब्रेकचे पॅड यांना अडचण नाही, ते अनेक कारखाने बनवतात. अडते ते पत्रा, काच, दिवे आणि विजेच्या पेट्या यांपाशी. ज्या घरात दुसरे वाहन नाही त्याने ही जोखीम घेऊ नये, असे गुरुजींचेच मत आहे. चिपळुणात ज्या कंपनीचे सामान मिळते ती गाडी, मग ती थोडी कमी रुबाबाची का असेना, म्हाताऱ्या जोडप्यास बरी. उंच गाड्यांत बोलेरोची किंमत वर्षे गेली तरी आमच्या बाजूस उतरत नाही, याचे रहस्य हेच की तिचे सामान तालुक्याच्या दुकानात टांगलेले असते आणि कोणताही मिस्त्री डोळे मिटून ती उघडतो.

किमतीविषयी एक नवी गोष्ट ध्यानी ठेवण्याजोगी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून या चार मीटरांच्या आतल्या गाड्यांवरील जी.एस.टी. २८ टक्के अधिक उपकर होता तो १८ टक्के झाला. नव्याचा भाव खाली आला, तेव्हा दोन-तीन वर्षांच्या जुन्या गाडीस जुन्या हिशेबाने दाम मोजण्यात अर्थ नाही. दलालास त्याच्या नफ्यावर १८ टक्के कर भरावा लागतो. दोन गृहस्थांच्या आपसांतील व्यवहारास तो नाही. नात्यातली गाडी म्हणूनही स्वस्त पडते.

नात्यातला व्यवहार म्हटला की कागदपत्रांत ढिलाई येते. 'अहो, आपलाच भाचा आहे, नाव मग लावू' असे म्हणून गाडी वर्षानुवर्षे मूळ धन्याच्या नावे धावते. कायद्याने विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आर.टी.ओ.स कळवावयाचे असते. त्यासाठी नमुना २९ आणि ३०. कर्ज असेल तर बँकेचे पत्र व नमुना ३५ देऊन बोजा उतरवून घ्यावा. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, गाडी पुढे कितीही हातांत गेली तरी अपघाताच्या भरपाईचा भार नोंदणीत ज्याचे नाव त्याच्यावर येतो. म्हणजे मुंबईतल्या त्या भाच्यावर. विमाही नावावर करून घ्यावा, आणि 'नो क्लेम बोनस' गाडीबरोबर येत नाही, तो आधीच्या धन्याचाच राहतो, हे आधी समजून हिशेब करावा. नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढते आणि खर्चही वाढतो. २०१२ ची गाडी आज घेणाऱ्याने २०२७ चा विचार आजच करावा.

घेतल्यावर काय? श्रौतसूत्रांत रथकाराने अग्न्याधान वर्षाऋतूत करावे असे सांगितले असून मीमांसकांनी त्यावर मोठा खल केला आहे. आमच्या शृंगारतळीच्या गॅरेजवाल्यांचाही खरा अग्नी पावसाळ्यातच पेटतो, कारण लोक तोवर गाडीकडे पाहत नाहीत. वास्तविक काम आश्विनात करावयाचे. पाऊस सरला की गाडी चढवून पोटाखाली गोड्या पाण्याचा जोराचा फवारा मारावा, दारांची भोके काडीने मोकळी करावीत, काचेखालच्या खाचेत साठलेला फणसा-आंब्याचा पाला काढावा, दोन दिवस उन्हात ठेवून मग जेथे पत्रा उघडा असेल तेथे घासून रंग व लेपन द्यावे. फेरीबोटीने गेल्यास घरी येताच तळ धुवावा, दुसऱ्या दिवशी नव्हे. समुद्राकडे तोंड करून गाडी उभी करू नये; रेडिएटर व ए.सी.ची जाळी त्या वाऱ्याने पाच वर्षांत पिठासारखी होते. गुरुजींनी पडवीच्या आड, गोपाळगडाकडे पाठ करून आपली गाडी लावण्यासाठी दोन माड काढले. त्यावरून घरात आठ दिवस अबोला होता, पण जाळी मूळचीच आहे. या दसऱ्यास त्यांच्या अंगणात माळ चढेल तेव्हा तिच्या मीटरवर १,६२,००० च्या पुढचा आकडा असेल, आणि कार्तिकात नवा टायमिंग बेल्ट घालण्यासाठी चिपळूणच्या गॅरेजात तारीख त्यांनी आत्ताच घेऊन ठेवली आहे.